हुगळीकाठालाही फ्रान्सइतकाच अभ्यास हवा

फ्रान्समध्ये स्वतः गाडी चालवत द्राक्षमळ्यांतून समुद्रापर्यंत जायचे ठरवणारे कुटुंब पाच-सहा महिने आधीच कामाला लागते. शेंगेन व्हिसाची कागदपत्रे, किमान तीस हजार युरोंचे संरक्षण देणारा वैद्यकीय विमा, आरटीओकडून मिळणारा वर्षभराच्या मुदतीचा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना, रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी हाकण्याची सवय नसल्याची धास्ती, या सगळ्यांतून मार्ग काढत एक वही भरत जाते. बोर्दो शहर मध्यावर धरले तर पूर्वेला चाळीसेक किलोमीटरवर सेंत-एमिलियाँचे मळे, पश्चिमेला पासष्टेक किलोमीटरवर आर्काशाँचा किनारा आणि त्याच्या दक्षिणेला शंभर मीटरहून उंच अशी पिलाची वाळूची टेकडी, हे त्या वहीत नकाशासकट असते. द्राक्षांची तोडणी सप्टेंबरात होते, मळ्यात चव घ्यायला जाण्यासाठी आधी वेळ ठरवावी लागते, दुपारच्या जेवणाच्या वेळी गावातली दुकाने बंद असतात, हेही तिथे लिहिलेले असते. कोलकात्याच्या न्यू टाउनमध्ये नोकरीनिमित्त स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही अशा सहली आखतात. पण तेच कुटुंब दिघ्याच्या समुद्रकिनाऱ्यावर निघते तेव्हा शुक्रवारी रात्री जेवताना बेत ठरतो, शनिवारी पहाटे गाडी निघते आणि रविवारी रात्री दमलेली माणसे घरी परततात. दूरच्या प्रवासाला अभ्यास आणि जवळच्या प्रवासाला केवळ पेट्रोल, हा क्रम उलटा आहे असे माझे म्हणणे आहे. जवळच्या प्रवासाला त्याहून अधिक नसला, तरी तितकाच अभ्यास लागतो, आणि न्यू टाउनहून हुगळीचा काठ आणि मेदिनीपूरचा किनारा गाडीने पाहायचा असेल तर तो केल्यावाचून हाती काही लागत नाही.

पहिला पुरावा रस्त्याचाच आहे. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो. त्याच वर्षी फ्रान्सच्या मुख्य भूमीवर हा आकडा ३,२६७ होता. लोकसंख्येच्या प्रमाणात मोजले तरी आपल्याकडचा धोका दुपटीहून अधिक भरतो, आणि दर माणशी मोटारी तिथे कितीतरी जास्त आहेत हे लक्षात घेतले तर फरक आणखी वाढतो. तरीही आपण फ्रान्समधल्या चौकातल्या अग्रक्रमाचे नियम पाठ करतो आणि खड्गपूरच्या दिशेने धावणाऱ्या मालमोटारींच्या रांगेत पहाटे चारच्या अर्धवट झोपेत शिरतो. ओळखीच्या प्रदेशात काय होणार, ही भावना त्यामागे असते. पण न्यू टाउनमधल्या मराठी माणसाला बंगालचा ग्रामीण रस्ता खरोखर ओळखीचा असतो का? ऑफिस, विमानतळ, इको पार्क आणि दक्षिण कोलकात्यातली दोन-चार ठिकाणे सोडली तर बहुतेकांना तो बोर्दोइतकाच परका असतो. भाषा थोडी कळते म्हणून भूगोलही कळतो, असे नाही.

न्यू टाउनची जागा मात्र अशा प्रवासासाठी फार सोयीची आहे, आणि या सोयीचा उपयोग कोणी फारसा करत नाही. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या हिडको या सरकारी कंपनीने शहराच्या पूर्वेला, शेते आणि पाणथळ जमिनींच्या पट्ट्यात हे नगर आखले. रुंद रस्ते, शेजारी विमानतळ आणि तिथून बेलघोरिया एक्स्प्रेसवेने थेट हुगळी नदीवरचा निवेदिता सेतू. २००७ मध्ये खुल्या झालेल्या या पुलामुळे कोलकात्याच्या गर्दीत पाऊल न टाकता नदी ओलांडता येते. पलीकडे डानकुनी लागते आणि तिथे रस्ता फुटतो. एक फाटा वायव्येला हुगळी जिल्ह्यातून दिल्लीकडे जातो. दुसरा नैर्ऋत्येला कोलाघाट-खड्गपूरकडे वळतो, आणि कोलकातेकर त्याला आजही ‘बॉम्बे रोड’ म्हणतात. जुन्या क्रमांकाने हा राष्ट्रीय महामार्ग ६. तो नागपूर, अमरावती, धुळे करत गुजरातेत हजिऱ्यापर्यंत जात असे. मराठी माणसाच्या दृष्टीने त्या फाट्यावर उभे राहणे म्हणजे घरच्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाशी उभे राहणे. सहलीचा आराखडाही याच फाट्यावर ठरतो: आधी नदी, मग समुद्र, आणि दोन्हींच्या मध्ये घरी परतायचे नाही. नदीकाठी दोन रात्री आणि किनाऱ्यावर दोन रात्री एवढा वेळ नसेल, तर दोन्हींपैकी एकच निवडावे.

नदीकाठाला दोन रात्री कशाला, असे कोणीही विचारील. न्यू टाउनहून चंदननगर पन्नासेक किलोमीटर. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येते. पण श्रीरामपूर ते बंडेल या जेमतेम वीस-बावीस किलोमीटरच्या पट्ट्यात जे साठले आहे ते पाहा. श्रीरामपूर १७५५ पासून १८४५ पर्यंत डेन्मार्कचे होते. चंदननगर फ्रेंचांचे, चुंचुडा १८२५ पर्यंत डचांचे, आणि बंडेलचे चर्च पोर्तुगीजांनी १५९९ मध्ये उभारलेल्या चर्चच्या जागी. एका नदीच्या एकाच काठावर, सायकलने एका दिवसात पार होईल एवढ्या अंतरात, युरोपातल्या चार सत्तांनी वखारी, चर्च, घाट आणि दफनभूमी मागे ठेवल्या. फ्रान्सने आल्सासमध्ये मार्लेनहाइम ते थान असा सुमारे १७० किलोमीटरचा द्राक्षमार्ग १९५३ मध्ये आखला; रस्त्यावर खुणेच्या पाट्या लावल्या, आणि गावागावांतले मळे, तळघरे, खाणावळी एका धाग्यात आल्या. हुगळीकाठाला असा धागा नाही. श्रीरामपूरचे सेंट ओलाव्ह चर्च नीट दुरुस्त झाले, २०१६ मध्ये त्या कामाला युनेस्कोच्या आशिया-प्रशांत विभागाचा वारसा पुरस्कार मिळाला, १७८६ ची डेन्मार्क टॅव्हर्न पुन्हा उभी राहिली; पण तिथून चंदननगरच्या स्ट्रँडकडे जाताना आपण एकाच गोष्टीचे पुढचे पान उलटतो आहोत, हे सांगणारी पाटी प्रवाशाला भेटत नाही. सरकारने न केलेले हे काम प्रवासाला निघणाऱ्याने घरी बसून करायचे असते, आणि तेवढ्यासाठीच वही लागते.

चंदननगर म्हणजे नदीकाठची सुंदर फरसबंद वाट आणि सेक्रेड हार्ट चर्च, एवढेच मनात धरून जाणारा तासाभरात कंटाळतो. १६७३ मध्ये बंगालच्या मोगल सुभेदाराच्या परवानगीने फ्रेंच इथे आले. १७३१ मध्ये द्युप्ले इथला प्रमुख झाला आणि काही वर्षांत हे बंदर कलकत्त्याशी स्पर्धा करू लागले. मार्च १७५७ मध्ये, प्लासीच्या तीन महिने आधी, क्लाइव्ह आणि वॉटसन यांनी ते तोफांनी उद्ध्वस्त केले. पुढे ते फ्रेंचांना परत मिळाले आणि भारत स्वतंत्र झाल्यावरही फ्रान्सकडेच राहिले. जून १९४९ च्या सार्वमतात तिथल्या लोकांनी भारताच्या बाजूने प्रचंड कौल दिला, २ मे १९५० ला कारभार भारताकडे आला आणि १९५४ मध्ये हे गाव पश्चिम बंगालमध्ये विलीन झाले. मराठी वाचकाला यातला आणखी एक पदर विशेष जवळचा वाटेल. १९१० च्या फेब्रुवारीत अरविंद घोष ब्रिटिश पोलिसांना चुकवून नदीमार्गे याच चंदननगरात आले, काही आठवडे लपून राहिले आणि एप्रिलमध्ये पुदुच्चेरीला, म्हणजे दुसऱ्या फ्रेंच वसाहतीत पोहोचले. त्याच वर्षी ८ जुलैला सावरकरांनी मार्सेच्या बंदरात बोटीतून उडी घेतली, ती फ्रेंच भूमीवर आश्रय मिळेल या आशेने. एकाला तो मिळाला, दुसऱ्याला धरून परत बोटीवर चढवण्यात आले आणि पुढच्या वर्षी हेगच्या लवादानेही निकाल ब्रिटनच्या बाजूने दिला. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर गाडीने फिरणारे मराठी पर्यटक मार्सेला आवर्जून थांबतात. त्या आशेचा उगम जिथे समजतो, ते गाव न्यू टाउनहून दीड तासावर आहे.

श्रीरामपूरला थांबण्याचे कारण तर अगदी आपल्या भाषेचे आहे. विल्यम केरी १८०० च्या जानेवारीत या डॅनिश वसाहतीत आला, कारण ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात धर्मप्रसाराला तेव्हा मोकळीक नव्हती. फोर्ट विल्यम कॉलेजात तो बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही शिकवत असे. पंडित वैजनाथ यांच्या मदतीने त्याने मराठीचे व्याकरण तयार केले. ते १८०५ मध्ये श्रीरामपूरच्या छापखान्यातून निघाले. १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश आला, त्यातले मराठी शब्द मोडी टंकात होते. १८१४ मध्ये सिंहासनबत्तिशी आणि त्यानंतर हितोपदेश व रघूजी भोसल्यांची वंशावळ हीही मराठी पुस्तके इथेच छापली गेली. मुंबईत मराठी छपाईने जोर धरण्याआधी मराठी अक्षरे हुगळीच्या काठावर ओतली जात होती, हे आपल्या शाळांत कुठेतरी एका ओळीत येते आणि विसरले जाते. केरी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १८१८ मध्ये काढलेले कॉलेज आजही चालू आहे. त्याच्या संग्रहालयासाठी सकाळ राखून ठेवावी आणि ते कोणत्या वारी बंद असते हे आधी फोन करून विचारावे. मुलांबरोबर प्रवास करणाऱ्यांनी तर हा थांबा कधीच गाळू नये.

आणि याच प्रदेशाला मराठ्यांची दुसरीही आठवण आहे, तीही प्रवासाच्या तयारीत यायला हवी. नागपूरच्या रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर १७४२ मध्ये बंगालवर चालून आले. कटव्याला त्यांचा तळ पडला, हुगळी शहर मराठ्यांच्या हाती गेले आणि भेदरलेल्या कलकत्त्याने शहराभोवती खंदक खणायला घेतला. तो कधी पुरा झाला नाही, पण ‘मराठा डिच’ हे नाव राहिले. नबाब अलिवर्दी खानाने १७४४ मध्ये भास्कररामांना बोलणीसाठी बोलावून मारले, स्वाऱ्या मात्र १७५१ च्या तहापर्यंत चालू राहिल्या. गावे जळाली, शेतकरी आणि विणकर देशोधडीला लागले. गंगाराम नावाच्या समकालीन बंगाली कवीने हे सगळे लिहून ठेवले आहे. बंगाली घरांत बाळाला झोपवताना म्हटल्या जाणाऱ्या अंगाईत आजही बर्गी येतात. म्हणजे आपल्या इतिहासातले बारगीरच. अटकेपार गेलेल्या झेंड्यांचा अभिमान बाळगणाऱ्या माणसाने हुगळीकाठी जाताना हेही जाणून जावे. तिथल्या कोणाच्या मनात आता राग नसतो. पण आपण कोण आणि कुठून आलो, हे सांगताना समोरच्याच्या डोळ्यांत काय उमटते, ते आपल्याला कळायला हवे.

आता मुख्य आक्षेपाकडे येतो. फ्रान्सच्या सहलीचा गाभा वाइन आहे. हुगळीकाठी द्राक्षवेल नाही, मग ही तुलना कशाला? वाइनचाच शौक असेल तर नाशिक आहे, तिथे सुलापासून अनेकांनी चांगली कामे केली आहेत, आणि त्या शौकाला बंगालमध्ये पर्याय शोधण्यात अर्थ नाही. पण द्राक्षमळ्यांतून फिरण्याचा आनंद केवळ पेल्यातला असतो का? एखादी माती, एखादा ऋतू आणि पिढीजात हात यांतून जे पीक येते ते तिथेच, त्याच दिवसांत चाखणे, हा त्याचा खरा भाग आहे. दक्षिण बंगालमध्ये हे स्थान खजुरीच्या रसाच्या गुळाला, नोलेन गुडाला आहे. आपल्याकडे शिंदीचे झाड म्हणतात तेच हे झाड. महाराष्ट्रात त्याचा रस नीरा म्हणून किंवा आंबवून प्यायला जातो, बंगालने त्याचा गूळ केला. कार्तिक सरता सरता शिउली म्हणजे रस काढणारा कारागीर झाडाच्या शेंड्याखालची एक बाजू तासून घेतो, संध्याकाळी तिथे मडके बांधतो आणि उजाडायच्या आत उतरवतो. झाडाला काही दिवस विश्रांती दिल्याखेरीज पुन्हा कापत नाहीत. विश्रांतीनंतरच्या पहिल्या रात्रीचा रस, ज्याला जिरेन काट म्हणतात, तो सर्वांत स्वच्छ आणि सुगंधी. रात्र जितकी थंड आणि आभाळ जितके निरभ्र, तितका रस चांगला. ढग आले, धुके पडले की प्रत उतरते. सकाळीच तो उकळावा लागतो, ऊन चढले की आंबू लागतो. पातळ काकवीसारखा झोला गूड आणि घट्ट ढेपेचा पाटाली, दोन्हींची चव गावागणिक बदलते. बोर्दोच्या मळेवाल्याकडून ऐकायला मिळते तेवढी बारीक माहिती शिउलीकडेही असते, मात्र विचारायला कोणी थांबत नाही. हा गूळ मग हलवायाच्या हाती जातो. चंदननगरचा जलभरा संदेश, ज्याच्या पोटातून गुलाबपाणी ओघळते, तो सूर्य मोदक यांच्या दुकानाने एकोणिसाव्या शतकात घडवला; हिवाळ्यात त्याच साच्याच्या पोटात नोलेन गूड भरतात. जूनमध्ये चंदननगरला जाणारा हे सगळे चुकवतो. सप्टेंबरची तोडणी गाठण्यासाठी विमानाची तिकिटे हलवणाऱ्या माणसाने खजुरीच्या रसासाठीही सुट्टी हलवावी, एवढेच मागणे आहे.

गाडीने फिरणाऱ्याच्या दृष्टीने यात एक मोठा फायदाही आहे. मळ्यामळ्यांतून वाइन चाखत जाणे आणि गाडी चालवणे या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात आहेत. फ्रान्समध्ये चालकाच्या रक्तात लिटरमागे अर्धा ग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे, नवशिक्या चालकाला ०.२ ग्रॅम. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार ती शंभर मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम, म्हणजे फ्रान्सच्या सर्वसाधारण मर्यादेहून कडक, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. त्यामुळे कुटुंबातला एक जण प्रत्येक मळ्यात नुसता बघत उभा राहतो. गुळाच्या प्रदेशात चालकालाही सगळ्यांबरोबर चव घेता येते. एक सावधगिरी मात्र पाळावीच: झाडावरून उतरलेला कच्चा रस पिऊ नये. रात्री मडक्यावर वटवाघळे येतात, आणि बांगलादेशातल्या निपाह विषाणूच्या साथींचा संबंध अशा कच्च्या रसाशी असल्याचे सिद्ध झालेले आहे. पश्चिम बंगालनेही २००१ मध्ये सिलिगुडीला आणि २००७ मध्ये नादिया जिल्ह्यात हा आजार पाहिला. उकळून केलेल्या गुळाला ही भीती नाही. साखर मिसळलेला गूळही बाजारात पुष्कळ येतो, म्हणून भट्टीवर, सकाळी, कढई उतरताना घेतलेला बरा.

दुसरा आक्षेप रेल्वेचा, आणि तो मला निम्मा मान्य आहे. हावड्याहून बंडेलपर्यंत लोकल गाड्या सतत धावतात, दिघ्यालाही रेल्वे जाते. मग गाडी कशाला? नदीकाठच्या गावांत गाडी खरोखरच अडचण होते. जुन्या जीटी रोडची रुंदी, बाजार, टोटोंची म्हणजे बॅटरीवरच्या रिक्षांची गर्दी पाहता एका गावातून दुसऱ्या गावात गाडी नेण्यात अर्धा दिवस जातो. म्हणून मुक्काम चंदननगरला किंवा चुंचुड्याला करावा, गाडी तिथेच उभी ठेवावी आणि श्रीरामपूर-बंडेल लोकलने, टोटोने किंवा होडीने करावे. श्रीरामपूरहून बराकपूरला, चंदननगरहून जगद्दलला, चुंचुड्याहून नैहाटीला नावा सुटतात. फ्रेंचांनी आणि डचांनी गावे बांधताना ज्या बाजूला तोंड केले होते, ती बाजू फक्त नदीतूनच दिसते. गाडी कुठे चालवायची नाही हे ठरवणे, हाही गाडीच्या सहलीच्या आखणीचा भागच आहे. नदीकाठ आणि किनारा यांच्या मधल्या टप्प्यासाठी मात्र गाडीला तोड नाही, कारण वाटेत जे थांबे आहेत ते रेल्वेच्या खिडकीतून हाती लागत नाहीत.

डानकुनीहून बॉम्बे रोडने निघाल्यावर रूपनारायण नदीवरचे कोलाघाट लागते आणि पुढे महामार्ग सोडून नंदकुमारमार्गे कांथी आणि दिघा. न्यू टाउन ते दिघा हे अंतर दोनशे किलोमीटरच्या आत आहे, म्हणून लोक ते न थांबता कापतात. वाटेला लागून तामलुक आहे, प्राचीन ताम्रलिप्ती. पाचव्या शतकाच्या आरंभी चिनी भिक्षू फाहियान इथे दोन वर्षे राहिला आणि इथूनच सिंहलद्वीपाला जाणाऱ्या जहाजात बसला. समुद्र आता कितीतरी दूर सरकला आहे. याच तामलुकमध्ये २९ सप्टेंबर १९४२ ला मातंगिनी हाजरा तिरंगा हातात धरून पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडल्या, आणि १७ डिसेंबरला ताम्रलिप्त जातीय सरकार स्थापन झाले. न्यायदान, पोलिस, पूर-वादळातली मदत हे सगळे त्या सरकारने १९४४ पर्यंत चालवले. साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार ज्याला ठाऊक आहे, त्याने त्याच्या या बंगाली भावंडासाठी दोन तास काढायला हरकत नसावी. पुढे कांथीजवळ रसूलपूर नदी समुद्राला मिळते. बंकिमचंद्र १८६० मध्ये या भागात डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते आणि १८६६ ची त्यांची ‘कपालकुंडला’ या वाळूच्या, झाडीच्या किनाऱ्यावर घडते. दरियापूरचे दीपगृह आणि कपालकुंडलेचे म्हणून दाखवले जाणारे देऊळ इथेच. कांथीत काजू सोलण्या-भाजण्याचा मोठा व्यवसाय आहे. वेंगुर्ल्याची आणि मालवणची माणसे तिथे नक्की रेंगाळतील.

किनाऱ्याच्या बाबतीत मात्र माझा आग्रह अधिक कडक आहे. मे २०२० मध्ये अम्फान आणि जवळपास एका वर्षाने यास ही चक्रीवादळे या भागात आली. यासच्या दिवशी पौर्णिमेची भरती होती, आणि दिघा-मंदारमणीच्या रस्त्यांवर समुद्र शिरला. हा उथळ, सपाट, झिजत चाललेला किनारा आहे. मंदारमणीला वाळूवर गाडी पळवण्याची हौस अनेकांनी केली आहे. भरती चढताना वाळूत रुतलेल्या गाड्या आणि गेलेले जीव त्यातूनच आले. तिथे गाडी वाळूवर नेऊ नये, एवढे साधे आहे. मुक्कामाची जागा निवडणेही तितकेच महत्त्वाचे. किनारपट्टी नियमन क्षेत्राचे नियम मोडून उभ्या राहिलेल्या हॉटेलांविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाने आदेश दिले. २०२४ च्या नोव्हेंबरात जिल्हा प्रशासनाने मंदारमणी परिसरातली सुमारे १४० बांधकामे पाडण्याची नोटीस काढली आणि प्रकरण उच्च न्यायालयात जाऊन तिला स्थगिती मिळाली. हजारो कामगारांची पोटे त्यावर आहेत, हे खरे. पण लाटेच्या अगदी तोंडाशी खोली हवी हा पर्यटकाचा हट्टच त्या बांधकामांचा पाया आहे. पैसे देणाऱ्याने भरतीरेषेपासून आत, गावात उभी असलेली खोली मागितली तर बांधणाऱ्याची दिशाही बदलते. फ्रान्समध्ये आपण पिलाच्या टेकडीवर प्लास्टिकची पिशवी टाकत नाही. दिघ्याच्या वाळूलाही तेवढाच मान हवा.

इतके आखून गेले तर सुट्टीतला मोकळेपणा मरतो, असेही म्हटले जाईल. अनुभव उलट सांगतो. खोली कुठे, भरती किती वाजता, संग्रहालय कोणत्या वारी बंद, हे आधी ठरलेले असले की शिउलीच्या भट्टीपाशी एक तास जास्त थांबता येते. हे ठरलेले नसेल तर तो तास दुपारी तीन वाजता जेवणाची जागा शोधण्यात जातो. आखणी थांब्यांची करावी, मिनिटांची नाही. गाडीत सलग तीन तासांहून अधिक वेळ नको, अंधार पडल्यावर महामार्ग नको, आणि एक दुपार पूर्ण रिकामी, एवढे बंधन पुरे.

राहिला दिवसांचा प्रश्न. जगद्धात्री पूजा कार्तिक शुद्ध नवमीच्या आसपास येते. त्या दिवसांत चंदननगरच्या रोषणाईसाठी लाखो माणसे लोटतात आणि गावातले रस्ते वाहनांना बंद होतात. रोषणाई पाहायची असेल तर लोकलने जावे, सहल त्या आठवड्यात ठेवू नये. नाताळ ते एक जानेवारी आणि तेवीस ते सव्वीस जानेवारी या काळात दिघ्याच्या रस्त्यावर सगळे कोलकाता असते. उरतात डिसेंबरचे पहिले तीन आठवडे आणि जानेवारीचा मधला काळ. रात्री गार पडलेल्या असतात, झाडे कापून झालेली असतात, गूळ पक्का झालेला असतो आणि समुद्र शांत असतो. पुण्या-नागपूरहून येणाऱ्यांनी विमानतळाशेजारी न्यू टाउनला एक रात्र काढावी, अनोळखी रस्त्यासाठी स्थानिक चालकासह गाडी घ्यावी आणि मंगळवारी सकाळी निवेदिता सेतू ओलांडावा. मंगळवार ते शनिवार अशी सहल आखली तर शनिवारी दिघ्याकडे येणारी गर्दी समोरून जाते आणि परतीचा रस्ता मोकळा मिळतो.